किती वेळ उरला?

१८ डिसेंबर १९४१. रात्रीचे नऊही वाजलेले नाहीत. तुम्ही अलेक्झांड्रिया बंदरापासून मैल-दीड मैलावर, भूमध्य समुद्रात गळ्यापर्यंत बुडालेले आहात. खाली 'शिरे' ही इटालियन पाणबुडी आहे. तिचा कप्तान बोर्गेझे यानं तीन स्वारीचे टॉर्पेडो पाण्यात सोडलेत आणि आता तो परतीच्या तयारीत आहे. प्रत्येक टॉर्पेडोवर दोन माणसं, घोड्यावर बसावं तशी मांड ठोकून. हे यंत्र इतकं हट्टी की खलाशांनी त्याला 'मायाले', म्हणजे डुक्कर, असं नाव ठेवलंय.

तुमच्या पुढ्यातल्या डुकरावर लुईजी दुरान्द दे ला पेन्ने बसलाय, त्याच्या मागे एमिलिओ बियांकी. तिसऱ्या माणसाला जागा नाही, पण काळाच्या उलट आलेल्या पाहुण्याला जागा लागत नाही. ऑक्सिजनही लागत नाही. त्या दोघांना मात्र लागतो. सोडलेला श्वास नळकांड्यातून गाळून पुन्हा ओढायचा, म्हणजे बुडबुडे वर जात नाहीत आणि पहारेकऱ्यांना पत्ता लागत नाही. नळ्यातला वायू काही तासांचा. खोल गेलं की शुद्ध ऑक्सिजनच विषासारखा चढतो. त्यामुळे दोनच गोष्टी सतत तपासायच्या: किती खोल आहोत आणि किती वाजलेत.

आता तुमच्या मनगटाकडे बघा. या पथकासाठी बनवलेलं 'रादिओमिर' तिथे बांधलंय. फ्लॉरेन्समध्ये कॅथीड्रलच्या चौकात पानेराय कुटुंबाचं घड्याळांचं दुकान आहे. तेच नौदलाला होकायंत्रं, खोलीमापकं असली उपकरणं पुरवतं. घड्याळाची पेटी आणि आतलं यंत्र रोलेक्सकडून आलंय. पोलादी पेटी ४७ मिलिमीटरची, उशीसारखी फुगीर चौकोनी. पट्टा अडकवायला जाड तारेची कडी डाखलेली आहेत. चामड्याचा पट्टा एवढा लांब की उघड्या हाताला बांधलात तर कोपरापर्यंत घसरेल. तो रबरी पोशाखाच्या बाहीवरून बांधायचा असतो. चावीचं बोंड मळसूत्रासारखं घट्ट पिळून बसवलंय, कारण पाणी शिरायची पहिली वाट तीच.

हात पाण्याखाली न्या. आकडे चारच, १२, ३, ६, ९, बाकी नुसत्या रेघा. सेकंदकाटा नाही. तबकडी दोन थरांची आहे. वरच्या थरात आकडे कोरून काढलेत आणि त्या फटींतून खालचं रेडियमचं लुकण हिरवं पेटलंय. त्याला आधी उजेड दाखवावा लागत नाही, ते आपलं आपण जळत राहतं. प्रकाश इतका की तुम्ही नकळत दुसरा तळवा त्यावर झाकता.

मध्यरात्र उलटते. ब्रिटिश विनाशिका बंदरात यायच्या म्हणून तोंडावरचं जाळं उघडतं आणि तिन्ही डुकरं त्यांच्या मागोमाग आत घुसतात. पेन्नेचं लक्ष्य 'व्हॅलियंट' ही युद्धनौका. तिच्या जवळ आल्यावर एकेक गोष्ट बिघडायला लागते. त्याच्या पोशाखात गार पाणी शिरलंय, बोटं बधिर झालीत. पंख्यात तार अडकून यंत्र तळाशी जाऊन बसतं. मागे वळून बघतो तर बियांकी नाही. शुद्ध हरपून तो वर गेलाय आणि एका बोयाला धरून तरंगतोय. मग पेन्ने एकटाच ते धूड चिखलातून ओढू लागतो. गढूळ पाण्यात काही दिसत नाही, जहाजाच्या पंपाच्या आवाजावरून दिशा धरायची. थोडं ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. अखेर डोकं जहाजाच्या बुडाला लागतं. तो स्फोटकाची वेळ लावतो आणि वर येतो.

दोघेही पकडले जातात. चौकशीत ते नाव, हुद्दा आणि क्रमांक यापुढे बोलत नाहीत. म्हणून त्यांना 'व्हॅलियंट'च्याच पोटात, तळाच्या कोठडीत डांबतात. तुम्हीही तिथेच आहात. खाली कुठेतरी स्फोटक आहे आणि त्याचा काटा फिरतोय. इथे घड्याळाचा अर्थच बदलतो. किती वाजले याला आता काही किंमत नाही. किती वेळ उरला, एवढंच खरं. सहाला दहाएक मिनिटं असताना पेन्ने कप्तान चार्ल्स मॉर्गन यांना भेटायला मागतो आणि सांगतो, जहाज थोड्याच वेळात उडणार आहे, माणसं वाचवा. स्फोटक कुठे ठेवलंय ते सांगत नाही. त्याला परत खाली पाठवलं जातं. स्फोट होतो, जहाज कलतं, पेन्ने जिवंत बाहेर येतो. त्याच पहाटे 'क्वीन एलिझाबेथ' ही दुसरी युद्धनौकाही उथळ बंदराच्या तळाला टेकते. सहा माणसांनी ब्रिटिश आरमाराच्या दोन युद्धनौका कित्येक महिन्यांसाठी बाद केल्या.

मार्च १९४५, तारांतो. तोवर इटलीनं बाजू बदललेली. पेन्नेला सुवर्णपदक द्यायचंय. युवराज उम्बेर्तो ते समारंभाला आलेल्या मॉर्गन यांच्या हाती देतात आणि 'व्हॅलियंट'चा कप्तान ते पेन्नेच्या छातीवर लावतो.

१९५३, फ्रान्स. बॉब मालूबिए आणि क्लोद रिफो नौदलाचं पाणबुड्यांचं नवं पथक उभं करताहेत. बाजारातली घड्याळं त्यांना लहान, अंधुक आणि गळकी वाटली, म्हणून हवं ते घड्याळ त्यांनी कागदावर मांडलं. ब्लाँपँ कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्तेर स्वतः पाणबुडे. एकदा खोल पाण्यात त्यांची हवा संपली होती. त्यांच्याकडे तयार होत असलेलं घड्याळ या दोघांच्या मागणीला नेमकं बसलं. नाव 'फिफ्टी फॅदम्स', पन्नास वाव, म्हणजे सुमारे ९१ मीटर.

ते हातात घ्या. काचेभोवती फिरणारं कडं आहे. बुडी मारताना त्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग वजाबाकी करायला नको. काटा कड्यावर जिथे पोचला तेवढी मिनिटं तुम्ही खाली आहात. कडं दाबल्याशिवाय फिरत नाही, कारण चुकून सरकलं तर हवा शिल्लक असल्याचा खोटा दिलासा मिळेल. 'व्हॅलियंट'च्या कोठडीतला प्रश्न इथे घड्याळाच्या अंगावरच येऊन बसलाय.

१९५६ मध्ये फ्लॉरेन्सच्या पानेरायकडे मोठी मागणी येते, तीही इजिप्तच्या नौदलाकडून. अलेक्झांड्रिया ज्यांची, त्यांच्याकडून. त्यांच्यासाठी घडवलेलं 'एजित्सियानो' ६० मिलिमीटरचं आहे. त्यालाही वेळ मोजायचं कडं आहे. आतलं यंत्र एकदा चावी दिली की आठ दिवस चालतं. चावी कमी वेळा फिरवायची, म्हणजे बोंडाचं पाणी अडवणारं सील कमी झिजतं, असा साधा हिशेब.

१९९३. लष्करी मागणी आटलीय आणि पानेराय पहिल्यांदाच ही घड्याळं सामान्य गिऱ्हाइकापुढे मांडतं. समारंभ इटालियन नौदलाच्या जहाजावर आहे. जहाजाचं नाव 'लुईजी दुरान्द दे ला पेन्ने'. ज्याचं हे नाव, तो आदल्या वर्षी वारलाय. पुढे सिल्व्हेस्टर स्टॅलोननं 'डेलाइट' चित्रपटात असं घड्याळ घातलं आणि पाणबुड्यांचं हत्यार हॉटेलांच्या लॉबीत दिसू लागलं.

आता आजच्या शौकिनांच्या टेबलाशी बसा. पानेरायवेडे स्वतःला 'पानेरिस्ती' म्हणवतात. एकजण म्हणतो, याच्यापुढे बाकी घड्याळं बायकी दागिने वाटतात. दुसरा लगेच म्हणतो, शर्टाची बाही वर राहते आणि दाराच्या चौकटीला रोज ठोकर बसते. तिसऱ्याला सेकंदकाटा नसल्याचंच कौतुक. चौथा मूळ १९४०च्या दशकातलं एक पुढे सरकवतो. तबकडी तपकिरी पडलीय. दिवा घालवला तर आकडे दिसत नाहीत, पण किरणोत्सार मोजणारं यंत्र जवळ नेलं की टकटक वाढते. रेडियमला निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. थकलाय तो त्याच्याबरोबर मिसळलेला, उजेड देणारा पदार्थ. शौकीन याच तपकिरी रंगासाठी पैसे मोजतात. ज्या कामासाठी तबकडी केली ते आता ती करत नाही, आणि नेमकं त्यामुळेच ती महाग आहे.

यात हसण्यासारखं फार नाही. या मंडळींचा डोळा तयार असतो. पट्ट्याची तार डाखलेली की सुटी, कड्याच्या खाचा ओल्या बोटांना लागतात की नुसत्या शोभेच्या, हे त्यांना एका नजरेत कळतं. पण त्यांच्या गप्पांत 'रांगडं' हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. पेन्नेच्या पथकाला रांगडं घड्याळ नको होतं. त्यांना गढूळ पाण्यात, बधिर बोटांनी, क्षणात वाचता येणारं घड्याळ हवं होतं. त्याचा थोराडपणा हा त्या गरजेचा हिशेब होता.

तेव्हा दुकानात काउंटरवर असं घड्याळ आलं की एकेक भाग बोटानं दाखवून विचारा, हा कोणासाठी होता? फिरतं कडं तुमच्या उपयोगाचं आहे. गाडी पार्किंगला लावलीत, कुकर चढवलात, तरी ते इमानानं मिनिटं मोजेल. अंधारात उजळणारे आकडेही घ्या, रात्री जाग आल्यावर चष्मा शोधावा लागणार नाही. पट्ट्याची जास्तीची लांबी आणि पेटीचे शेवटचे पाच-सात मिलिमीटर मात्र रबरी बाहीसाठी होते. ती बाही तुमच्याकडे नाही. तेवढं कमी करून मागा. पेन्नेच्या पथकातल्या कुणीही, बाही नसती तर, तेच केलं असतं.