सॉफ्टवेअर-अभिकल्पाची प्रतिमाने : साधनबदल व विभाजन

संगणक-आज्ञावलींची रचना, तीतील घटक व त्यांचे परस्परसंबंध प्रत्यक्ष लेखनापूर्वी ठरावीक चिन्हांनी मांडतात. अशा मांडणीस प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. पडद्यावर दिसणारी आकृती म्हणजे प्रतिमान नव्हे. ती त्याचे केवळ एक दर्शन होय. एकच घटक अनेक आकृत्यांत येऊ शकतो. तथापि त्याची नोंद एकच असते व ती अंतर्गत ओळखक्रमांकाने ओळखली जाते. प्रतिमान रेखाटण्याचे व साठविण्याचे साधन बदलले म्हणजे या नोंदी नव्या साधनात न्याव्या लागतात आणि त्याच वेळी मोठ्या प्रतिमानाचे भाग कसे पाडावेत, हा प्रश्नही बहुधा उपस्थित होतो.

इतिहास : पीटर चेन यांनी १९७६ मध्ये माहितीतील वस्तू व त्यांचे संबंध दर्शविणारे प्रतिमान मांडले. १९८० नंतरच्या दशकात अशी प्रतिमाने संगणकावर रेखाटणारी साधने प्रचारात आली. परंतु प्रत्येकाची चिन्हे व साठवणीची रीत निराळी असल्याने एका साधनातील काम दुसऱ्यात नेणे दुष्कर होते. ग्रेडी बूच, जेम्स रंबॉ व इव्हार याकोबसन यांच्या पद्धतींच्या एकीकरणातून यूएमएल ही चिन्हभाषा सिद्ध झाली व ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने ती १९९७ मध्ये मानक म्हणून स्वीकारली. त्यापाठोपाठ साधनांमधील देवघेवीसाठी एक्सएमआय हे मानक आले. त्याच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत घटक व संबंध यांची सोय होती. आकृतीतील मांडणीची मात्र नव्हती. त्यामुळे स्थलांतरानंतर आशय शिल्लक राहून आकृत्या पुन्हा जुळवाव्या लागत. आयबीएमने २००३ मध्ये रॅशनल ही कंपनी घेतल्यानंतर ‘रोझ’ या साधनातील प्रतिमाने ‘रॅशनल सॉफ्टवेअर आर्किटेक्ट’ या साधनात नेण्याचे काम अनेक प्रकल्पांना करावे लागले.

पुणे येथील कार्य : टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीची टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ही संशोधनसंस्था पुणे येथे १९८१ मध्ये स्थापन झाली. तेथे प्रतिमानांवरून आज्ञावली निर्माण करणारी ‘मास्टरक्राफ्ट’ ही साधने विकसित झाली. विनय कुलकर्णी व श्रीधर रेड्डी यांनी २००३ मध्ये ‘आयईईई सॉफ्टवेअर’ या नियतकालिकात प्रतिमानाधारित विकासातील निरनिराळ्या बाबी अलग राखण्याच्या पद्धतीचे विवेचन केले. व्यवहाराचे नियम व ते ज्या तंत्रावर चालवावयाचे ते तंत्र यांची मांडणी वेगळी ठेवली, तर तंत्र बदलले तरी नियमांचे प्रतिमान टिकून राहते, हे या पद्धतीचे सार होय. प्रतिमानांच्या रूपांतरणाविषयीच्या क्यूव्हीटी या मानकाच्या घडणीतही या कंपनीचा सहभाग होता.

विभाजन : विभाजनाचा हेतू अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, हा असतो. संपूर्ण प्रतिमान एकाच फाइलीत असल्यास एकाचे बदल दुसऱ्याच्या बदलांवर पडतात. उलट फाइली अतिशय लहान केल्यास त्यांच्यातील दुवे सांभाळणेच मुख्य काम होऊन बसते. येथील खरी अडचण महसुली दप्तराच्या उदाहरणाने स्पष्ट होते. रायगड जिल्ह्यातील कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखाद्या जमिनीचे पोटहिस्से पडले, तर प्रत्येक हिश्शास मूळ क्रमांकाला जोडून उपक्रमांक मिळतो व बदलाची नोंद फेरफार नोंदवहीत होते. म्हणून पुढे कित्येक वर्षांनीही कोणता तुकडा कोठून आला, हे शोधता येते. हद्द मोजली पण फेरफार नोंदविला नाही, तर वाद अटळ ठरतो. प्रतिमानाचे भाग पाडताना घटकांचे ओळखक्रमांक बदलले आणि जुन्या-नव्या क्रमांकांची जुळणी ठेवली नाही, तर अन्य भागांतून त्यांच्याकडे येणारे दुवे असेच निराधार होतात.

यावरून पुढील क्रम हितावह ठरतो. प्रथम जुन्या साधनातच परस्परांवर चक्राकार अवलंबून असलेले गट सोडवावेत. नंतर जुन्या प्रतिमानातील बदल थांबवून ते अखंड स्वरूपात नव्या साधनात न्यावे; तुकड्यातुकड्याने नेल्यास परस्परदुवे जुळत नाहीत. घटक व संबंध यांची संख्या दोन्हीकडे ताडून पाहावी. त्यानंतरच भाग पाडावेत आणि ते आकृत्यांच्या सोयीने नव्हे, तर कोणत्या भागाची जबाबदारी कोणाकडे आहे व अवलंबन कोणत्या दिशेने आहे, हे पाहून पाडावेत. जुनी प्रत केवळ वाचनासाठी राखावी. दोन्ही साधनांत बदल चालू ठेवल्यास अधिकृत प्रतिमान कोणते, हेच संदिग्ध होते.

बँका, विमा यांसारख्या क्षेत्रांतील आज्ञावली कित्येक दशके वापरात राहतात. साधने मात्र त्या मानाने लवकर कालबाह्य होतात. मूळ रचनाकार निवृत्त झाल्यावर ती रचना तशी का केली, हे सांगणारा लेखी पुरावा बहुधा प्रतिमान हाच उरतो. तो स्थलांतरात तुटला, तर आज्ञावली चालू राहते, परंतु तिच्यात बदल करण्यास कोणी धजत नाही. म्हणून साधनाची निवड करतानाच त्यातून प्रतिमान पूर्णत्वाने बाहेर काढता येते किंवा नाही, हे पाहणे आवश्यक असते.