सावकारी पाश

इटलीच्या व्हित्तोरिओ दे सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ १९४८ साली निघाला. सायकल चोरीस गेली तर नोकरीही गेली, म्हणून ती शोधीत रोमच्या रस्त्यांवर वणवण करणारा बाप आणि त्याचे चिमुकले पोर, एवढीच कथा! १९५२ च्या महोत्सवात तो आपल्याकडे आला तेव्हा रसिक थक्क झाले. व्हावेच, परंतु तेवीस वर्षे आधी कोल्हापुरात एका मिस्त्र्याच्या मुलाने काय केले होते, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल?

हा मुलगा म्हणजे बाबूराव पेंटर. जन्म १८९० चा. शाळा बेताचीच, चित्रकला आणि शिल्पकला घरातच शिकलेला. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविता रंगविता फाळक्यांचे चित्रपट पाहिले आणि या माणसाला हलत्या चित्रांचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा घ्यायला पैसा कुठला? तेव्हा आनंदराव या नात्यातल्या भावाच्या संगतीने घरीच कॅमेरा घडवायला घेतला! १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आली आणि लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. शांताराम, दामले, फत्तेलाल हे सारे याच तालमीतले. पुढे १९२९ साली ते बाहेर पडले आणि ‘प्रभात’ उभी राहिली.

पण मला सांगायचे आहे ते १९२५ च्या ‘सावकारी पाशा’विषयी. कथा नारायण हरी आपट्यांची. देवादिकांचे चमत्कार आणि मावळ्यांच्या तलवारी यांवर पोसलेल्या प्रेक्षकांपुढे बाबूरावांनी एक शेतकरी उभा केला. सावकार त्याची जमीन गिळतो आणि तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. शेतकऱ्याचे काम तरुण शांतारामाने केले. आम्हां मिरजोळेकरांना ही वाट निराळी समजावून सांगायला नको. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर कोकणातल्या किती चुली पेटल्या! माझ्या वर्गातली निम्मी पोरे एके काळी पोस्टमनची वाट बघत असत.

प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरविली. करमणुकीला आलेल्या माणसाला स्वतःच्याच घरचे कर्ज कोण दाखवील? बाबूराव पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रांकडे वळले. १९३६ साली त्यांनी हीच कथा बोलपटात पुन्हा मांडली, म्हणजे ती मनातून गेली नव्हती. १९५४ साली ते वारले.

तो मूळ मूकपट आज कुणालाही पाहता येत नाही. त्याची प्रत उरली नाही. दे सिकाचा बाप रोममध्ये अजून सायकल शोधतो आहे, आमचा शेतकरी मात्र नाहीसा झाला. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी तो पाहिला होता. अंधूक उजेडातली एक उदास झोपडी आणि केकाटणारे कुत्रे एवढे त्यांना पुढे कित्येक वर्षे आठवत राहिले. चित्रपट मुका होता, तरी!