ऑगस्ट १
ऑगस्ट १ हा ग्रेगरी दिनदर्शिकेनुसार वर्षातील २१३ वा किंवा लीप वर्षात २१४ वा दिवस असतो. या दिवसानंतर वर्षाचे १५२ दिवस उरतात. महाराष्ट्रात हा दिवस लोकमान्य टिळक यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती म्हणून पाळला जातो. या दोन्ही घटना एकाच वर्षी, म्हणजे इ.स. १९२० मध्ये घडल्या. कॅरिबियन बेटांवरील अनेक देशांत हा गुलामगिरीच्या अंताचा स्मरणदिन आहे.

== १ ऑगस्ट १९२० ==
१ ऑगस्ट १९२० रोजी रविवार होता. आदल्या रात्रीचे बारा वाजून गेल्यावर मुंबईतील सरदारगृह येथे लोकमान्य टिळक यांचे निधन झाले. त्यांची अंत्ययात्रा गिरगाव चौपाटीपर्यंत नेण्यात आली व तेथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. प्रचंड जनसमुदायात महात्मा गांधीही उपस्थित होते. टिळकांचा पुतळा आज त्याच ठिकाणी आहे.

असहकार आंदोलनाच्या प्रारंभासाठी हाच दिवस आधीपासून ठरलेला होता. गांधींनी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांना या तारखेचे पत्र लिहून कैसर-ए-हिंद तसेच बोअर व झुलू युद्धांतील सेवेबद्दल मिळालेली पदके परत केली. काँग्रेसने सप्टेंबर १९२० मधील कलकत्ता येथील विशेष अधिवेशनात आंदोलनाला मान्यता दिली आणि डिसेंबरमधील नागपूर अधिवेशनात ती कायम केली. आंदोलनासाठी १९२१ साली जमवलेल्या एक कोटी रुपयांच्या निधीला टिळक स्वराज्य फंड असे नाव देण्यात आले. चौरीचौरा येथील हिंसाचारानंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधींनी आंदोलन थांबवले.

त्याच दिवशी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात, वाटेगाव येथे, मातंग कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. पुढे ते अण्णाभाऊ साठे या नावाने प्रसिद्ध झाले. जातिभेद व दारिद्र्य यांमुळे त्यांचे औपचारिक शिक्षण जवळजवळ झालेच नाही. कुटुंबासह ते मुंबईस आले व गिरणीत कामगार झाले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन त्यांनी कामगारांचे प्रश्न रंगमंचावर आणले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड गाजली. दुष्काळात उपाशी लोकांना जगवण्यासाठी धान्य व सरकारी खजिना लुटणाऱ्या वीराची कथा सांगणारी 'फकिरा' ही त्यांची कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अर्पण केलेली असून १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊंचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १ ऑगस्ट २००२ रोजी त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

== गुलामगिरीचा अंत ==
ब्रिटिश संसदेने १८३३ साली संमत केलेला गुलामगिरी निर्मूलन कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला. कॅरिबियन बेटे, मॉरिशस व दक्षिण आफ्रिका यांसह वसाहतींतील सुमारे ८ लाख गुलाम त्यामुळे कायद्याने मुक्त ठरले. प्रत्यक्षात सहा वर्षांहून मोठ्या व्यक्तींना 'उमेदवार' म्हणून जुन्या मालकांकडेच बिनपगारी काम करणे भाग होते. ही पद्धत बहुतेक ठिकाणी १ ऑगस्ट १८३८ रोजी संपली. मालकांना नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले. गुलामांना काहीही मिळाले नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील प्रदेश या कायद्यातून वगळलेले होते. भारतात गुलामगिरीला असलेली कायद्याची मान्यता १८४३ च्या कायद्याने काढून घेण्यात आली. दरम्यान, मळ्यांवरील मजुरांची उणीव भरून काढण्यासाठी १८३४ पासूनच भारतातून गिरमिटिया मजूर मॉरिशसला नेण्यात येऊ लागले. त्यांत कोकणातून गेलेल्या मजुरांचाही समावेश होता. मॉरिशसमधील आजचा मराठी समाज त्यांचा वारसदार आहे.

== ठळक घटना आणि घडामोडी ==
=== अठरावे शतक ===
* १७७४ - जोसेफ प्रीस्टली यांनी पाऱ्याचे ऑक्साइड भिंगाने तापवून ऑक्सिजन वायू मिळवला.
* १७९८ - नाईलची लढाई. अबुकिरच्या उपसागरात नेल्सनच्या ब्रिटिश आरमाराने फ्रेंच आरमारावर हल्ला करून ते उद्ध्वस्त केले. नेपोलियनचे सैन्य इजिप्तमध्ये अडकून पडले.

=== एकोणिसावे शतक ===
* १८३४ - ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी निर्मूलन कायदा लागू.
* १८७६ - कॉलोराडो अमेरिकेचे ३८ वे राज्य झाले.

=== विसावे शतक ===
* १९१४ - पहिले महायुद्ध. जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले.
* १९२० - असहकार आंदोलनास प्रारंभ.
* १९२७ - चीनमध्ये नानचांगचा उठाव. चिनी मुक्तिसेना हा आपला स्थापना दिन मानते.
* १९३६ - बर्लिन येथे अकराव्या ऑलिंपिक स्पर्धांचे उद्घाटन.
* १९४४ - दुसरे महायुद्ध. जर्मन ताब्याविरुद्ध वॉर्सामध्ये उठाव. ६३ दिवसांनंतर तो चिरडला गेला.
* १९६० - दाहोमी (आताचे बेनिन) फ्रान्सपासून स्वतंत्र.
* १९७५ - हेलसिंकी कराराच्या अंतिम मसुद्यावर ३५ राष्ट्रांच्या स्वाक्षऱ्या.

=== एकविसावे शतक ===
* २००७ - अमेरिकेतील मिनीआपोलिस शहरात मिसिसिपी नदीवरील महामार्गाचा पूल कोसळून १३ ठार.

== जन्म ==
* इ.स.पू. १० - क्लॉडियस, रोमन सम्राट.
* १७४४ - जाँ-बाप्तिस्त लामार्क, फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ.
* १८१८ - मारिया मिचेल, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ.
* १८१९ - हर्मन मेलव्हिल, अमेरिकन कादंबरीकार.
* १८८२ - पुरुषोत्तमदास टंडन, भारतीय राजकारणी, भारतरत्न.
* १८९९ - कमला नेहरू, स्वातंत्र्यसैनिक.
* १९१३ - भगवान दादा (भगवान आबाजी पालव), चित्रपट अभिनेते व दिग्दर्शक.
* १९२० - अण्णाभाऊ साठे, साहित्यिक व लोकशाहीर.
* १९२४ - फ्रँक वॉरेल, वेस्ट इंडीजचा क्रिकेट खेळाडू.
* १९३३ - मीना कुमारी, चित्रपट अभिनेत्री.
* १९५५ - अरुण लाल, भारतीय क्रिकेट खेळाडू.

== मृत्यू ==
* इ.स.पू. ३० - मार्क अँटनी, रोमन सेनापती.
* १७१४ - अ‍ॅन, ग्रेट ब्रिटनची राणी.
* १९२० - लोकमान्य बाळ गंगाधर टिळक, राष्ट्रीय नेते, 'केसरी'चे संपादक.
* १९९९ - नीरद चौधरी, लेखक. मृत्युसमयी वय १०१ वर्षे.
* २००० - अली सरदार जाफरी, उर्दू कवी, ज्ञानपीठ पुरस्कार विजेते.
* २००८ - हरकिशनसिंग सुरजित, कम्युनिस्ट नेते.
* २००९ - कोराझोन अ‍ॅक्विनो, फिलिपाइन्सच्या राष्ट्राध्यक्षा.

== प्रतिवार्षिक पालन ==
* महसूल दिन - महाराष्ट्र. राज्याचे महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे असते.
* मुक्ती दिन - जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद व टोबॅगो आणि इतर देश.
* राष्ट्रीय दिन - स्वित्झर्लंड.
* स्वातंत्र्य दिन - बेनिन.
* जागतिक स्तनपान सप्ताहास प्रारंभ.

जुलै ३० - जुलै ३१ - ऑगस्ट १ - ऑगस्ट २ - ऑगस्ट ३ - (ऑगस्ट महिना)