कात्री विडीची, कापड बनियनचे

आमच्याकडे घरात कात्री आली ती कापडासाठी नव्हे, विडीसाठी. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथला विडीचा धंदा जंगलातल्या तेंदूपानावर आणि घरोघरच्या बायकांच्या हातांवर चालत होता. भिजवलेले पान, त्यावर पत्र्याचा साचा आणि साच्याच्या कडेने फिरणारी कात्री. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. पान वेडेवाकडे कापले गेले की विडी बिघडली आणि ठेकेदाराने ती छाट म्हणून बाजूला काढली. तिचे पैसे नाहीत. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, पण छाटीवरून होणारी घासाघीस मी लहानपणी त्यानंतरही ऐकली आहे. म्हणून अम्मीच्या कात्रीला कोणी हात लावायचा नाही, कापडाला तर ती लावायचीच नाही!

जुन्या कापडाचा कारभार सुईकडे. लुगडे मधोमध विरले की विरलेला भाग काढून चांगले तुकडे जोडायचे, याला दांड भरणे म्हणत. त्यालाही कात्री लागत नसे. मागावरचे सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. दाताने टोक दिले की टर्रकन काम झाले. मात्र फाडलेल्या कडेचे धागे सुटत जातात, म्हणून कड दुमडून शिवावीच लागते. दांडाचे लुगडेही गेले की गोधडी.

टी-शर्टने हा हिशेब बदलला. त्याचे कापड बनियनच्या जातीचे, म्हणजे एकात एक अडकलेल्या फासांचे. मागावरचे कापडही विणतात आणि स्वेटरही विणतात. आपल्या मराठीने दोघांना एकच क्रियापद दिले आणि फरक झाकून टाकला. फासांचे कापड यंत्रावर काढण्याची सुरुवात मोज्यांपासून झाली. इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ साली त्याचे यंत्र केले. पुढे १९१३च्या सुमारास अमेरिकी नौदलाने असा सदरा गणवेशाच्या आत घालायला दिला. आपल्याकडे या मालाचे मोठे गाव तमिळनाडूतले तिरुपूर. हे कापड कापले तर कडेचे धागे मोकळे होत नाहीत, कड नुसती वळते. सुई नसली तरी चालते.

अम्मी गेल्यावर ती कात्री माझ्याकडे आली. परवा मुलीने तीच घेऊन माझा विटलेला टी-शर्ट कापला. बाह्या काढल्या, गळा मोठा केला, खालच्या घेराला दोन बोटे रुंदीचे काप दिले, पुढची पट्टी मागच्या पट्टीशी गाठवली. झाली बाजाराची पिशवी. बाहीची गोल गोल पट्टी कापून ताणली, तर ती वळून दोरीच झाली.

कात्रीच्या अंगठ्याच्या कडीला अम्मीने लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, पाने कापताना अंगठा सोलू नये म्हणून. ती आता पार झिजली आहे. मुलगी नवी दोरी घेऊन बसली. जुनी चिंधी काढू नकोस, वरूनच गुंडाळ, एवढेच मी म्हणालो.