घाटावरील जुनी वास्तू

ओस पडलेल्या जुन्या वास्तूसमोर उभे राहिले, की येथे कोण राहिले असेल, असा प्रश्न सहजच मनात येतो. पोर्ट लुईच्या बंदरकाठी जी वास्तू आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने जगास परिचित आहे, ती मी बालपणी आजोबांबरोबर प्रथम पाहिली, तेव्हा तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नसे. लोक तिला ‘कुली घाट’ म्हणत व घाईने पुढे जात. आजोबांनी मात्र दगडी पायऱ्यांपाशी वहाणा काढल्या, वाकून पायरीला हात लावला आणि ते एवढेच म्हणाले, “बाळ, आपलं घर इथून सुरू झालं.”

त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी उमगला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून कलकत्त्याचे ३६ मजूर या बेटावर उतरले. पुढच्याच वर्षी येथील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. मुक्त झालेल्या गुलामांच्या जागी ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर राबवून पाहावेत, हा ब्रिटिश सरकारचा प्रयोग होता. मजुरांची नोंद व व्यवस्था पाहण्यासाठी १८४९ पासून या जागी ठाणे उभे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाखांहून अधिक भारतीय या बेटावर आले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली आपली मराठी माणसेही होती. येथे थोडा काळ विसावून ती निरनिराळ्या मळ्यांवर पांगली.

येथे प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. मालकाच्या वहीत माणसाची ओळख त्या क्रमांकापुरतीच असे. पण सरकारी नोंदीत त्याच्याजवळ नाव, बापाचे नाव, वय व गाव हेही लिहिलेले असे. अपमानाचा तो आकडाच आज नातवंडांना मूळ गावापर्यंत नेणारी किल्ली ठरला आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ते दप्तर जतन केलेले आहे.

मूळ ठाण्याचा निम्म्याहून कमी भाग आज शिल्लक आहे. रुग्णालयाची खोली, स्वयंपाकघर, प्रवेशद्वार व त्या पायऱ्या एवढे अवशेष राहिले. १९८७ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा आणि २००६ मध्ये जागतिक वारशाचा मान त्यांना लाभला. उपेक्षित वास्तूचे भाग्य उजळले, ही आनंदाची गोष्ट होय.

परंतु दगड वाचले म्हणून माणसांच्या आठवणी आपोआप वाचत नाहीत. आपल्या गावोगावच्या जुन्या घरांतही ट्रंकेच्या तळाशी एखादा जीर्ण परवाना पडलेला असेल. एखाद्या आजीच्या मुखी कोकणातल्या गावाचे नाव अजून असेल. वाचकहो, ती घरे पाडून नवी बांधण्यापूर्वी ती ट्रंक एकदा उघडा. आजीला विचारा, आणि ती सांगेल ते लिहून ठेवा. आजोबांनी त्या पायरीला हात लावला होता. आपण निदान त्यांचा क्रमांक तरी विसरू नये.