तात्यांचा डबा

वाशीमचं घर रिकामं करायचं ठरल्यापासून घरच्या ग्रुपवर सामानाची यादी फिरते आहे. त्यात एक नोंद अशी आहे: "बटणांचा लाकडी डबा, बहुतेक जुना रेडिओ. भंगार?"

मंडळी, तो रेडिओ नाही. तो तात्यांनी सत्तरच्या दशकात स्वतःच्या हातांनी जोडलेला प्री-अ‍ॅम्प्लिफायर आहे. आता हे काय प्रकरण, असं निम्म्या नातेवाइकांना वाटेल, म्हणून हा लेखनप्रपंच. आधी थोडा इतिहास सांगतो, मग भंगाराचं तुम्हीच ठरवा.

आवाज मोठा करणारा तो अ‍ॅम्प्लिफायर, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग त्याच्या आधी आणखी एक कशाला? तर तबकडीवरच्या सुईतून येणारा विजेचा संकेत फारच दुबळा असतो म्हणून. चांगल्या मॅग्नेटवाल्या पिकअपमधून साधारण ५ मिलिव्होल्ट निघतात, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा भाग. तेवढ्यावर स्पीकर हलवणारा मोठा अ‍ॅम्प्लिफायर जागाही होत नाही. त्याला जागं करण्याइतका संकेत वाढवून देणं हे प्री-अ‍ॅम्पचं पहिलं काम.

दुसरं काम जास्त गमतीचं आहे. तबकडीवर गाणं जसंच्या तसं कोरलेलं नसतंच! खर्जाचे सूर पूर्ण ताकदीने कोरले तर खाच इतकी रुंद वळते की सुई उडते आणि तबकडीवर गाणीही कमी मावतात. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि तार स्वर मुद्दाम चढवतात. वाजवताना याच्या बरोबर उलट करायचं: दाबलेलं उचलायचं, चढवलेलं उतरवायचं. त्याबरोबर खरखरही खाली जाते. म्हणजे प्री-अ‍ॅम्प आवाज 'सुधारत' नाही. कोरणाऱ्याने घातलेली घडी तो नीट उलगडतो.

पंचाईत अशी की ही घडी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने घालायची. १९४८ साली कोलंबियाने लाँग प्ले तबकडी आणली तरी हा गोंधळ चालूच होता. न्यूयॉर्कच्या सॉल मॅरंट्झ नावाच्या हौशी गृहस्थाने १९५२ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या तबकड्यांना चालेल असा प्री-अ‍ॅम्प बनवला, तो या वैतागातूनच. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर बॅक्संडॉल यांनी बास आणि ट्रेबल कमीजास्त करणारं सुटसुटीत सर्किट 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापलं. पुढे कितीतरी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते गेलं. १९५४ साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने एकच मोजमाप ठरवलं. 'आरआयएए' म्हणतात ते हेच. हळूहळू जगभर तेच रुळलं. त्यानुसार अगदी खालचा, २० हर्ट्झचा खर्ज मधल्या १००० हर्ट्झच्या तुलनेत जवळजवळ दहापट उचलायचा, आणि २०,००० हर्ट्झजवळ तेवढाच खाली आणायचा.

आपल्याकडे हे बहुतेकांच्या घरी पोचलं नाही. घरोघरी होता तो एचएमव्हीचा फिएस्टासारखा पेटी-प्लेअर. त्याच्या सिरॅमिक पिकअपमधून मुळातच बराच जोरकस संकेत निघतो, वेगळा प्री-अ‍ॅम्प लागत नाही. ज्यांना त्यापुढचं ऐकायचं होतं त्यांच्यापुढे परदेशी मालावरची जबर जकात उभी. १९९१ च्या आधीच्या त्या दिवसांत क्वाड किंवा मॅरंट्झ वाशीमला येणं शक्यच नव्हतं. पण बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स देशात ट्रान्झिस्टर बनवत होती, मुंबईला लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत होते आणि मासिकांतून सर्किटं छापून येत होती. सोल्डरिंगची इस्त्री आणि चिकाटी एवढंच स्वतःचं लागायचं. तात्यांकडे दोन्ही होतं.

त्यांच्या डब्यावर पाच बटणं आहेत. पहिलं फोनो, रेडिओ, टेप यांतून निवड करायचं. मग व्हॉल्यूम, बास, ट्रेबल, आणि डाव्या-उजव्या स्पीकरचा तोल सांभाळणारा बॅलन्स. बाजूला एक छोटी खिट्टी आहे, ती मोनोची. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ पासून. त्याआधीच्या तबकड्या वाजवताना ही खिट्टी दाबली की खरखर बरीच कमी होते.

आणि वायरीने जोडलेली ती दुसरी छोटी पेटी? यादीत ती 'ट्रान्सफॉर्मर, निकामी' अशी वेगळी लिहिली आहे. ती निकामी नाही, तो याच यंत्राचा अर्धा भाग आहे. घरातली वीज ५० हर्ट्झची. आरआयएएच्या हिशोबात ५० हर्ट्झ सुमारे सातपट उचलले जातात, म्हणजे विजेची गुणगुण जराशी जरी आत शिरली तरी तीही सातपट होऊन बाहेर येते. म्हणून ट्रान्सफॉर्मर दूर ठेवायचा. आजच्या लाखालाखांच्या प्री-अ‍ॅम्पमध्येही वीजपुरवठ्याची वेगळी पेटी असते ती याचसाठी. बाकी त्यांत व्हॉल्यूमला रिले आणि मोजून घेतलेले रेझिस्टर असतात, रिमोट असतो, पण धर्म तोच: आपलं काही मिसळायचं नाही.

इथे मला वाशीमची जुनी ओळख आठवते. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. राजशेखराने 'कर्पूरमंजरी'त एका काव्यरीतीला 'वच्छोमी' म्हटलंय, ते नाव या गावावरून आलं. ही आपली वैदर्भी रीत: समासांचा पसारा नाही, अर्थ स्वच्छ, गोडवा आतला. तात्यांनी राजशेखर वाचला होता की नाही, मला माहीत नाही. पण त्यांचा डबा वच्छोमी आहे खरा :)

ऐंशीच्या दशकात सीडी आली. सीडी प्लेअरच सुमारे २ व्होल्ट देतो, उलगडायची घडीच नाही! मग बऱ्याच नव्या यंत्रांतून फोनोची सोय गेली. अलीकडे तबकड्या परत येताहेत, तशी तीही परत येते आहे.

तात्यांच्या कपाटात ज्या तबकड्या आहेत, त्यांत 'कॉल ऑफ द व्हॅली' आहे. ती काढली एचएमव्हीच्या जी. एन. जोशींनी, म्हणजे विदर्भातल्याच माणसाने. संतूर, बासरी आणि गिटार तिथे एकत्र आले. आपल्या पिढीतल्या निम्म्या मंडळींनी शिवकुमारांचं संतूर पहिल्यांदा ऐकलं ते याच डब्यातून, माजघरात, चटईवर बसून. तात्या त्या वेळी बोलू द्यायचे नाहीत. आता तात्या नाहीत, आणि त्यांचा आवाज कुणी टेपही करून ठेवलेला नाही. ते कसं ऐकायचे, एवढं मात्र त्या डब्यात शिल्लक आहे.

तेव्हा विनंती अशी. डबा, छोटी पेटी आणि तबकड्या वेगवेगळ्या करू नका. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आणि कुणी हौसेने प्लग लावू नका! इतकी वर्षं बंद राहिल्यावर आतले कॅपॅसिटर आधी तपासून घ्यावे लागतात. तपासल्यावर क्रम लक्षात ठेवा: चालू करताना आधी प्री-अ‍ॅम्प, शेवटी मोठा अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना मोठा आधी. नाहीतर मोठा धप्पकन आवाज होतो आणि एखादा स्पीकर जातो. वीज जायला लागली की तात्या धावत जाऊन मोठं बटण का बंद करायचे, ते आता कळलं असेल.

कुणालाच नको असेल तर मी घेऊन जाईन. पण आधी विचारा बरं, कुणाला हवाय?