दाव्याला बांधलेला कॅमेरा

आमच्या घरात आजीचा एकच फोटो आहे, आणि त्यात तिने डोळे मिटलेले आहेत.

१९५६ साली आजोबांनी तिला तालुक्याच्या गावी नेऊन हा फोटो काढवला. नवे लुगडे, नाकात नथ, मागे पडद्यावर रंगवलेला राजवाडा. फोटोग्राफर काळ्या बुरख्यात शिरला, बाहेर आला, "आता हलायचं नाही हं" म्हणाला, आणि आजी हलली नाही. फक्त तिने डोळे मिटले. ही गोष्ट कुणाला कळली? कुणालाच नाही. आठ दिवसांनी आजोबा फोटो आणायला गेले तेव्हा ती उघडकीला आली. फोटोग्राफर म्हणाला, "पुन्हा काढू, पण पैसे पुन्हा पडतील." आजोबा हिशेबाचे पक्के. "डोळे काय, घरी उघडेच असतात," असे म्हणून आहे तोच फोटो ते घेऊन आले. पुढल्या वर्षी आजी गेली.

तेव्हापासून तो फोटो भिंतीवर आहे. नवा पाहुणा आला की तो जरा वेळ फोटोकडे पाहतो, मग आवाज खाली आणून विचारतो, "गेल्यावर काढलेला का?" याचे उत्तर देण्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या.

पण खरे दुखणे निराळेच. आजीचे डोळे घारे होते, असे माझे वडील मरेपर्यंत सांगत. आत्या म्हणते, काळेभोर होते, दादाला काय कळतंय! दोघे सख्खे भाऊबहीण, आई एकच, आणि तिच्या डोळ्यांबद्दल एकमत नाही. मी त्या वेळी दोन वर्षांचा. माझी साक्ष कोण काढणार?

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे माझी सत्तरी. ती साजरी करायची नाही, असे मी निक्षून सांगितल्यामुळे घरच्यांनी ती कुटुंबाच्या फोटोवर भागवायचे ठरवले. पुतण्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे. तिथे आम्ही अकरा माणसे इस्त्रीचे कपडे आणि ठेवणीतले चेहरे घालून पोहोचलो. पाहतो तर कॅमेऱ्याच्या पोटातून एक लांबलचक नारिंगी वायर निघालेली आणि ती थेट टेबलावरच्या कॉम्प्युटरात शिरलेली!

"हे काय रे? सलाईन लावलंय की काय याला?" मी विचारले.

"काका, याला टेदर्ड शूटिंग म्हणतात. इथे बटण दाबलं की फोटो तिकडे पडद्यावर. कुणाचे डोळे मिटले, कुणाच्या चष्म्यावर दिवा चमकला, सगळं तिथल्या तिथे दिसतं. रंग नारिंगी का, तर कुणी पायात अडकून पडू नये म्हणून." हे तो सांगत असतानाच मी त्या वायरीत अडकलो.

घरी आल्यावर डिक्शनरी उघडली. टेदर म्हणजे गुरे बांधायचे दावे! म्हणजे कॅमेरा दाव्याला बांधला होता. मग मला राहवेना. हा कॅमेरा मुळात गोठ्यात आला कसा, हे शोधत बसलो. निवृत्त माणसाला एवढे एकच सुख असते.

या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी आहे माणसाची घाई. १९४३ साली अमेरिकेत एडविन लँड नावाचे संशोधक सहलीला गेले असता त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा फोटो काढला. ती म्हणाली, "मला आत्ता का नाही दिसत?" आमच्याकडे असे विचारणाऱ्या पोरीला "गप बस" हे उत्तर ठरलेले. लँडसाहेबांनी ते मनावर घेतले आणि १९४८ साली पोलरॉइड कॅमेरा बाजारात आणला. कागद बाहेर यायचा आणि मिनिटभरात फोटो तयार! पुढे मोठमोठे स्टुडिओवालेसुद्धा आधी एक पोलरॉइड काढून उजेड-सावली बघून घेत आणि मगच खरी फिल्म खर्ची घालत. लग्नाच्या पंगतीआधी आचाऱ्याने आमटीचा थेंब तळहातावर घेऊन बघावा, तसेच हे.

कॉम्प्युटरला फोटो दाखवायचा पहिला मान मिळाला तोही एका तान्ह्या बाळाला. रसेल कर्श नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९५७ साली आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो यंत्रावर चढवून त्याचे ठिपके केले आणि कॉम्प्युटरच्या पोटात घातले. १७६ ओळी, दर ओळीत १७६ ठिपके. फोटो जेमतेम पाच सेंटिमीटरचा. त्याच साली आमची आजी गेली. तिकडे एक बाळ कॉम्प्युटरात जात होते आणि इकडे आम्ही मिटल्या डोळ्यांच्या फोटोला हार घालत होतो.

पुढे १९६९ साली बॉइल आणि स्मिथ या दोघांनी बेल प्रयोगशाळेत सीसीडी नावाची चकती शोधून काढली. उजेड पडला की तिच्यावर विजेचे बारीक बारीक साठे होतात. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. ही चकती हाती धरून कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरने १९७५ साली फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, सोळा बॅटऱ्या, आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद! मग ती कॅसेट काढून दुसऱ्या यंत्रात घालायची, तेव्हा कुठे टीव्हीवर चित्र.

सॅसनने प्रयोगशाळेतल्या एका तरुणीचा फोटो काढला. पडद्यावर केस आले, मागची भिंत आली, चेहऱ्याच्या जागी नुसती गिचमिड! इंजिनिअर मंडळी आनंदाने नाचायच्या बेतात, कारण निदान काहीतरी दिसले होते. बाई मात्र, अजून सुधारायला हवं, अशा अर्थाचे बोलून चालत्या झाल्या. वायरींची अदलाबदल केल्यावर चेहराही आला, ही गोष्ट वेगळी. पण मंडळी, लक्षात घ्या, कॅमेरा बदलला, शतक बदलले, फोटो पाहून बायकांचे मत तेच राहिले. (हे वाक्य आमच्या घरात वाचून दाखवल्यावर, पुरुषांचे मत याहून वाईट असते असे कळवण्यात आले.) कोडॅकच्या साहेबांना प्रश्न पडला, की आपला फोटो टीव्हीवर कोण बघत बसणार? फिल्मच्या जिवावर उभी असलेली ती कंपनी २०१२ साली दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली.

त्याच कोडॅकने १९९१ साली विकायला काढलेला कॅमेरा म्हणजे तर कावडच होती. कॅमेरा निकॉनचा, गळ्यात. खांद्यावर हार्ड डिस्कची पेटी आणि दोघांमध्ये वायर. पेटीत दीडशेच्या वर फोटो मावत. त्यानंतर वर्षभरात लीफ कंपनीचे धूड आले. लोक त्याला लाडाने वीटच म्हणत. ही वीट मोठ्या कॅमेऱ्याच्या पाठीला जोडायची आणि वायर कॉम्प्युटरला. वायर काढली की वीट म्हणजे नुसती वीट! शिवाय रंगीत फोटोसाठी एकच दृश्य तीनदा टिपावे लागे: एकदा तांबड्या काचेतून, एकदा हिरव्या, एकदा निळ्या. तोवर समोरच्याने जरा हलायचे नाही. म्हणजे फोटो निघणार ते घड्याळांचे, दागिन्यांचे, भांड्यांचे, नाहीतर आमच्या कचेरीतल्या हेडक्लार्कांचे.

पण कॉम्प्युटरला बांधलेल्या कॅमेऱ्यांत मला सगळ्यांत आवडला तो केंब्रिजचा. तिथल्या विद्यापीठातले कॉम्प्युटरचे पंडित जिने चढून कॉफी आणायला जात आणि भांडे रिकामे बघून परत येत. १९९१ साली त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला, तो कॉम्प्युटरला जोडला, आणि आपापल्या टेबलावरून कॉफी आहे की संपली ते बघू लागले. १९९३ साली ते चित्र इंटरनेटवर गेले आणि जगभरचे लोक एक काळे भांडे भरताना आणि रिकामे होताना बघत बसले. २००१ साली तो कॅमेरा बंद झाला, भांड्याचा लिलाव झाला आणि एका जर्मन साप्ताहिकाच्या इंटरनेट विभागाने ते ३,३५० पौंडांना घेतले. आमच्या कचेरीत असला शोध लागणे शक्य नव्हते. आमचा चहा चढून वर येत असे.

तुम्ही म्हणाल, हे सारे साहेबाचे चोचले. तसे नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी आधारचे पहिले क्रमांक दिले गेले. त्यासाठी माणसाला बसवायचे कॉम्प्युटरला जोडलेल्या कॅमेऱ्यासमोरच. चेहरा, दहा बोटे आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळे. त्यानंतर कोट्यवधी माणसे त्याच दाव्याला जाऊन आली. मीही एका केंद्रात बसलो. पडद्याची पाठ माझ्याकडे. फोटोत मी नुकताच पकडला गेल्यासारखा दिसतो. पण बुबुळे मात्र सरकारदरबारी जमा झाली. माझ्या नातवाला उद्या शंका आली, तर पुरावा आहे. आजीचा नाही.

तर तो दिवस. पुतण्या बटण दाबी आणि दोन सेकंदांत आम्ही अकराजण पडद्यावर. लगेच अकराच्या अकरा माणसे जागा सोडून पडद्याकडे धावत. सून म्हणे हिच्यात मी जाड दिसते, मुलगा म्हणे हिच्यात बाबा झोपलेत, सौभाग्यवती म्हणे माझा चेहरा असाच असतो का हो? आजोबांच्या वेळी हे आठ दिवसांनी आणि एकदाच व्हायचे. इथे साठ वेळा झाले.

मध्येच पुतण्याने माझा चेहरा पडद्यावर मोठा केला. डोळा ताटाएवढा झाला. "काका, तुमचे डोळे चक्क घारे आहेत की!" बुबुळाच्या कडेला खरेच फिकट वर्तुळ होते. आठवीपासून मला चष्मा. काचेआड कोण बघायला गेले होते? मला वडील आठवले. मी विजयी मुद्रेने आत्याकडे पाहिले. शहाऐंशी वर्षांची आत्या खुर्ची ओढून पडद्याजवळ गेली, नीट बघून म्हणाली, "घारे कुठले! म्हातारपणाचं आहे ते. मलाही आलंय."

खटला पुन्हा निकालाशिवाय राहिला. पुतण्या वाया गेलेले फोटो पुसायला बसला. एकात मी डोळे मिटले होते. तो ते पुसणार, तोच आत्याने त्याचा हात धरला.

"तो राहू दे."

"आत्याआजी, डोळे मिटलेत यात."

"मिटले म्हणूनच. अगदी आई दिसतोय," ती म्हणाली. मग कुणीच काही बोलले नाही. पुतण्यानेही दिवे जरा उशिराच विझवले.

तो फोटो मी मोठा करून घेतला. आजीशेजारी लावायचा आहे. परवा चौकट करायला दुकानात पाठवला. चौकटवाल्याने तो दोन्ही हातांनी घेतला, जरा वेळ पाहिला, मग आवाज खाली आणून आमच्या चिरंजिवांना विचारले, "कधी गेले?"